लघवी स्वच्छ, पण...

हनुक्काचे दिवे लावून झाल्यावर माझ्या धाकट्या दिरांनी मला गॅलरीत बोलावून एक कागद दाखविला. रक्तातील पीएसए वाढलेले. डॉक्टरांनी प्रोस्टेटची बायोप्सी करावयास सांगितलेली. "वहिनी, लघवी तर स्वच्छ आली. मग सुया कशाला?" सहा महिने घरात कोणाला पत्ता नाही. आपले पुरुष असेच!

नेहमीच्या तपासणीत लघवीतील साखर, पू, रक्त कळते. प्रोस्टेटचा कॅन्सर नव्हे. पीएसए मात्र ग्रंथी नुसती वाढली किंवा सुजली तरी चढते, म्हणून पुष्कळांना सुया उगाच टोचल्या जातात. त्या वाचविण्यासाठी लघवीची निराळी तपासणी निघाली. कॅन्सरच्या पेशींतील पीसीए३ जनुकाच्या खुणा ती शोधते. अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली, तीही आधीच्या बायोप्सीत काही न सापडलेल्यांसाठी. शिवाय लघवी देण्याआधी डॉक्टरांनी बोटाने ग्रंथी दाबावी लागते. (हे ऐकून भावोजींचा चेहरा उतरला.) २०२४ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ जनुकांची तपासणी प्रसिद्ध केली. पण तीही सुई लागेल की टळेल एवढेच सांगते, निदान तुकड्यावरूनच.

"मग हिला तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मी जाऊबाईंना हाक मारली. तळण तसेच टाकून त्या बाहेर आल्या.