तार कुठून येते ते आधी विचारा

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये घरी ब्रॉडबँड घ्यायचं म्हटलं तर पर्यायांना तोटा नाही. बीएसएनएल आहे, जिओ आणि एअरटेल आहेत, शिवाय केबल टीव्हीच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेले स्थानिक ऑपरेटर आहेत. सगळ्यांचा वेग 100 एमबीपीएस आणि सगळंच अनलिमिटेड. मग ठरवायचं कशावर?

मी घरूनच जीएसटी आणि आयकराची कामं करते. दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत बहुतेक क्लायंटचे 3बी रिटर्न भरायचे असतात. त्या दिवसांत नेट गेलं की लेट फी त्यांना बसते आणि शब्द माझा जातो. 2027च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी रस्ते खणायला लागले, तशी आमची लाइन वरचेवर तुटू लागली. खोदकाम होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. राउटरशेजारच्या डब्यावर लाल दिवा तसाच लुकलुकत असायचा आणि मोबाइलवर मेसेज यायचा, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.’ माणूस आलेलाच नसायचा. ग्राहकाला इतकं गृहीत धरणारी सेवा कितीही स्वस्त असली तरी नको, असं माझं स्पष्ट मत झालं.

एका संध्याकाळी अखेर लाइनवरचा मुलगा आला. जिन्यातल्या बॉक्सपाशी बसून त्याने काळी केबल सोलली, आतला केसाएवढा काचेचा तंतू स्पिरिटने पुसला, टोक सरळ कापलं आणि जोडणीच्या मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर धरली. छोट्या पडद्यावर दोन रेषा जवळ आल्या, बारीक ठिणगी पडली आणि त्यांची एक रेषा झाली. तारेतला प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर आधी उणे 27 होतं, ते उणे 19 वर आलं. ‘ताई, हा आकडा विसाच्या आसपास असला की काळजी नाही. सत्तावीस-अठ्ठावीसला गेला की लाइन कधी पडेल सांगता येत नाही,’ तो म्हणाला. मग जाता जाता त्याने खरी माहिती दिली: आमच्या भागात दोन कंपन्यांच्या तारा एकाच चौकातून, त्याच खांबांवरून येतात. एक तुटली की बहुधा दुसरीही तुटते. म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाऊन माझं काहीच साधलं नसतं!

त्यानंतर मी जाहिराती बाजूला ठेवल्या आणि शेजाऱ्यांना विचारत सुटले. तुमची तार कुठून येते? तुटल्यावर फोन कोण उचलतं? माणूस त्याच दिवशी येतो का? तळमजल्यावरच्या काकूंनी तर कोणाचं नेट कधी गेलं होतं ते कॅलेंडरवर लिहूनच ठेवलं होतं, कारण त्यांच्या नातवाचे क्लास ऑनलाइन असतात. तो कागद मला कुठल्याही योजनेच्या तक्त्यापेक्षा उपयोगी पडला. मागच्या गल्लीतून येणाऱ्या तिसऱ्या लाइनच्या घरात खाडे सगळ्यात कमी होते. मी ती घेतली.

पैशांचा हिशेब सोपा आहे, फक्त नीट करायला हवा. जाहिरातीतले 499 रुपये 18 टक्के जीएसटी धरून 589 होतात. ‘अनलिमिटेड’ला बऱ्याच योजनांत महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते; आमच्यासारख्या घराला ती पुरून उरते. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. वर्षाचे पैसे एकदम भरले तर एखादा महिना फुकट देतात, पण नवी लाइन पावसात कशी चालते हे पाहिल्याशिवाय तो मोह टाळावा. वेग तपासायचा तर आधी राउटरला लॅपटॉप वायरने जोडून तपासा. मागच्या खोलीत वायफाय रेंगाळतं त्याला कित्येकदा कंपनी नाही, मधल्या भिंती कारण असतात.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 2011 पासून आहे. ब्रॉडबँडला ती नाही. नवी तार, नवा राउटर, आणि सोबतचा लँडलाइन नंबरही गेला. सासऱ्यांच्या मित्रमंडळींकडे वर्षानुवर्षं तोच नंबर होता. त्यांनी डायरी काढून एकेकाला फोन करून नवा नंबर कळवला, तोवर मी जुनी लाइन बंद केली नाही. रिटर्नची एक 20 तारीख नव्या लाइनवर सुरळीत पार पडली, तेव्हाच जुन्या कंपनीला बंद करण्याचा अर्ज दिला.

त्यांनी राउटर नेला, पण डिपॉझिट परत करायला टाळाटाळ चालवली. इथे कागद कामी आला. राउटर परत दिल्याची पावती आणि तक्रारीचा डॉकेट नंबर जोडून मी त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे लेखी अपील केलं आणि पैसे खात्यात आले. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनी, मग तिच्याकडचं अपील, हा क्रम आहे. तिथेही दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा राउटर हातातून सोडण्याआधी त्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि नेणाऱ्याकडून सहीची पावती घ्या.