हजेरीवहीतल्या सह्या

बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं ते स्पर्धा परीक्षेची सोय म्हणून. एम.ए.ला रजनी कोठारी वाचले आणि परीक्षा मागे पडल्या. पीएच.डी.च्या नोंदणीला मी विषय दिला, 'महाराष्ट्रातील विकेंद्रीकरण आणि लोकशाही'. सल्लागार समितीने तो छाटून ग्रामसभेतल्या महिलांच्या सहभागापुरता आणला. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, आणखी छाटला असता तरी चाललं असतं.

गावात जाण्याआधीच माझं उत्तर ठरलेलं होतं. 73वी घटनादुरुस्ती 1993मध्ये अमलात आली, 2011मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. म्हणजे सहभाग वाढलाच असणार, किती तेवढं मोजायचं. त्यासाठी मी ग्रामसभांच्या हजेरीवह्या निवडल्या. महिलांच्या सह्या मोजल्या, तक्ते केले, आलेख चढता निघाला. एका चर्चासत्रात तो छातीठोकपणे मांडलाही.

पुढे एका ग्रामसभेला स्वतः जाऊन बसलो. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी नव्हती. सभा तहकूब व्हायला हवी होती; ती उरकली गेली आणि नंतर वही शिपायाबरोबर घरोघरी फिरली. म्हणजे मी मोजला होता तो सहभाग नव्हे, शिपायाचा फेरा. सगळीकडे असंच होतं, असं मी म्हणत नाही. पण मी पडताळून पाहिलंच नव्हतं.

मुलाखतींतही तेच. सरपंचबाईंना मी ग्रामपंचायत कार्यालयात गाठलं. शेजारी ग्रामसेवक, समोर त्यांचे पती. प्रश्न बाईंना, उत्तरं पतीची. टिपणात 'नामधारी' लिहून मी मोकळा झालो. नंतर नळावरच्या बायकांकडून कळलं, की पाणी सोडायची वेळ सकाळऐवजी संध्याकाळची याच बाईंनी करून घेतली होती, मजुरीला जाणाऱ्यांसाठी. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा 2004चा लेख मी वाचलेला होता. बीरभूम आणि उदयपूर जिल्ह्यांत महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यात अधिक गुंतवणूक केल्याचं त्यांना आढळलं होतं. मीही तसा आकडा जमाखर्चात शोधत बसलो. वेळ बदलायला पैसा लागत नाही, त्यामुळे तो निर्णय जमाखर्चात दिसणारच नव्हता.

एक प्रकरण पूर्ण काढून टाकलं. एका संशोधक मैत्रिणीच्या मदतीने मुलाखती पुन्हा घेतल्या, या वेळी बायकांच्या सोयीच्या जागी. मुदतवाढ मागावी लागली, ती वेगळीच.

क्षेत्रकार्याला निघालेल्यांना एवढंच सांगतो: दप्तर वाचण्याआधी ते भरतात कसं ते पाहा आणि मुलाखतीच्या टिपणात उत्तराबरोबर शेजारी कोण बसलं होतं, तेही लिहा.