अक्षरी रुपये

छोट्या व्यापाऱ्यांना बिलाचं सॉफ्टवेअर लिहून देणं हे नागपुरातलं माझं बारा वर्षांचं काम. दोन वर्षांपूर्वी इतवारीत, मस्कासाथ भागात, एका ठोक किराणा दुकानाचं काम मिळालं. मिरची, हळद, धण्याची बिलं. मागण्या साध्या होत्या. रकमेत लाखाचे स्वल्पविराम हवेत, एकूण रक्कम पूर्ण रुपयांत हवी, आणि खाली मराठीत ‘अक्षरी रुपये’ हवेत. मी आठ दिवसांचा शब्द दिला. प्रत्यक्षात दीड महिना लागला. तिन्ही ठिकाणी मी चुकलो. कुठे आणि कसा, ते सांगतो.

काम पायथॉनमध्ये होतं. पायथॉनमध्ये आकड्यात स्वल्पविराम टाकायची सोय आहे, पण तीन-तीन अंकांची. म्हणजे १,२३४,५६७ असं छापून येतं. आपल्याला १२,३४,५६७ हवं. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगच्या आधाराने ते जमवता येतं, पण दर दुकानातला संगणक वेगळा. म्हणून तो मार्ग सोडला आणि स्वतःच फंक्शन लिहिलं. शेवटचे तीन अंक वेगळे करायचे, उरलेल्यांच्या मागून दोन-दोनच्या जोड्या पाडायच्या. सात ओळींत झालं. पाच-सहा रकमा टाकून पाहिल्या, बरोबर आल्या.

पंधरा दिवसांनी एका ग्राहकाने माल परत केला. परतीच्या पावतीवर रक्कम उणे असते. तिथे ‘-,४५,६७८’ असं छापून आलं. माझं फंक्शन उणे चिन्हालाही एक अंक समजत होतं. गंमत म्हणजे उणे १,२३,४५६ बरोबर छापलं जात होतं, कारण तिथे चिन्हाला जोडीदार अंक मिळत होता. चूक कधी दिसायची, कधी नाही. सापडायला दोन दिवस गेले.

त्या संध्याकाळी गायत्रीनगरच्या आयटी पार्कबाहेर चहाला मित्र भेटले. मी तक्रार केली की एवढी साधी गोष्ट भाषेत तयार का नसावी? मग सगळ्यांनी आपापली गाऱ्हाणी काढली. एक जण गो भाषेत लिहितो. दोन पूर्णांकांतला लहान कोणता हे सांगणारं फंक्शन त्या भाषेत २०२३ साली, १.२१ आवृत्तीत आलं. तोवर दर प्रोजेक्टमध्ये तो ते स्वतः लिहायचा. जावास्क्रिप्टवाल्याने २०१६ चं लेफ्टपॅड प्रकरण सांगितलं. शब्दाच्या डावीकडे शून्यं किंवा मोकळ्या जागा भरायची सोय भाषेत नव्हती, म्हणून लोक कोणीतरी लिहिलेलं अकरा ओळींचं पॅकेज वापरत. लेखकाने ते काढून घेतलं आणि जगभरचे हजारो प्रोजेक्ट अडले. पुढच्याच वर्षीच्या अधिकृत मानकात ती सोय भाषेत आली.

बोलून बरं वाटलं. चूक मात्र तिथेच होती, ती दुसऱ्या दिवशी बसून काढावी लागली.

त्याच आठवड्यात दुकानाच्या मुनीमकाकांचा फोन आला. “भाऊ, एक रुपया कमी येऊन राह्यला.” मी म्हटलं, “काका, बेरीज पुन्हा बघता का?” ते म्हणाले, “तीनदा पाह्यली.” बेरीज १८,५६२ रुपये ५० पैसे होती. त्यांच्या वहीत १८,५६३ आणि माझ्या बिलात १८,५६२. मी १८,५६३ रुपये ५० पैसे टाकून पाहिलं, तर नीट १८,५६४ आलं. मला वाटलं, काकांचीच काही गफलत असेल. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्याचं आजही वाईट वाटतं.

इथे मी भाषेत असलेलंच फंक्शन वापरलं होतं, राउंड. पायथॉन ३ मध्ये ते बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार. फार मोठ्या बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून हा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण व्यापारी हिशेब तसा चालत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे देय रकमेत पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. काका आयुष्यभर बिलांवर हाच नियम लावत आले होते. पायथॉनमध्ये डेसिमल नावाची सोय आहे. तिथे अर्ध्याला वर न्यायचं हे स्पष्ट सांगता येतं, आणि पैशांसाठी तीच वापरायला हवी. मी ती वाचलीच नव्हती. नाव ओळखीचं दिसलं म्हणून राउंड घेऊन मोकळा झालो होतो.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. आकडे अक्षरांत लिहायचं काम मी शेवटी ठेवलं होतं. एक्सेलमध्ये थाई बाहतची रक्कम अक्षरी करणारं फंक्शन तयार आहे, रुपयाचं नाही. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि आठ दशकं, असे सत्तावीस शब्द कळले की नव्व्याण्णवपर्यंत सगळं जुळतं. मराठीत तसं नाही. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव, दर वेळी रूप बदलतं. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव शब्दांची यादीच लिहावी लागते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ ही वाचनपद्धत आली, तेव्हा ऑफिसात आम्ही खूप हसलो होतो. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. यादी टाइप करताना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मीच दोनदा अडखळलो. जुने शब्द मला आजही प्रिय आहेत. पण त्या काय म्हणत होत्या, ते त्या रात्री समजलं.

यादी रात्री एकपर्यंत लिहिली. सकाळी पन्नासपर्यंतचे आकडे तपासले आणि बिलं सुरू केली. दुपारी काकांनी दुकानात बोलावून घेतलं. बिलावर आकडा १,१२,५६० होता. खाली लिहिलं होतं, एक लाख बारा हजार पाचशे एकसष्ट.

बावन्नच्या पुढे माझा एक स्वल्पविराम राहिला होता. पायथॉनमध्ये दोन शब्दांमधला स्वल्पविराम राहिला तर ती भाषा चूक धरत नाही, दोन्ही शब्द चिकटवून एक करते. बावन्न आणि त्रेपन्न एकाच घरात गेले आणि पुढचा प्रत्येक शब्द एक घर मागे सरकला. म्हणून साठच्या जागी एकसष्ट. सकाळपासून नऊ बिलं गेली होती. काकांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. मी बाजूला बसून होतो. ते मला काहीच बोलले नाहीत, त्यामुळे जास्त अवघड गेलं.

फोन झाल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, “चेकवर आकडा न् अक्षर जुळलं नाही, तर अक्षर खरं धरतेत, भाऊ.” घरी येऊन पाहिलं. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १८ नेमकं हेच सांगतं. मी ज्या ओळीला शोभेची समजून शेवटी ठेवलं होतं, चेकवर तीच खरी रक्कम असते.

त्यानंतर मी चार गोष्टी केल्या. तिन्ही फंक्शनं एकाच फाइलमध्ये आणली आणि जुन्या प्रोजेक्टमधल्या नकला काढून टाकल्या. शून्य ते नव्व्याण्णव अशा यादीत बरोबर शंभर नोंदी नसतील तर प्रोग्राम सुरूच होणार नाही, अशी अट घातली. शंभरही शब्द छापून काकांना दिले. त्यांनी चष्मा लावून एकेक वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं. आणि अडणाऱ्या रकमांची एक पट्टी केली: शून्य, पन्नास पैसे, १८,५६२.५०, उणे ४५,६७८, १,००,०००, ९९,९९,९९९. फाइलला हात लावला की आधी ही पट्टी चालवतो.

भाषेत सोय नाही म्हणून आमची कुरकुर होते, ती रास्त आहे. सोयी अशा मागण्यांमधूनच येतात. पण सोय येईपर्यंत लिहिलेल्या सात ओळींकडे मी हातासरशी उरकायचं काम म्हणून पाहिलं, आणि दीड महिना तिथेच गेला.

गेल्या महिन्यात एका नव्या मुलाने ती फाइल मागितली. दिली. सोबत पट्टीही दिली आणि सांगितलं, आधी ही चालव.