रद्द, रद्दी आणि निरसन

‘रद्द’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्याकडे बघायची वेळच येत नाही. ट्रेन रद्द, ऑर्डर रद्द, लग्न रद्द, पेपर फुटला म्हणून परीक्षा रद्द. फोनवर एक बटण दाबलं की पैसे परत येतात आणि जणू काही घडलंच नव्हतं. त्यामुळे ‘कायदा रद्द’ असं वाचलं की आपल्याला तेच चित्र दिसतं. बटण दाबलं आणि कायदा गेला.

जुलै 2025 मध्ये आमच्या घरात हा शब्द असाच आला. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच हेडलाइन होती: ‘तुकडेबंदी कायदा रद्द’. सावेडीत या हेडलाइनला केवढं वजन आहे, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. नगर शहर वाढलं ते या बाजूला. पाइपलाइन रोड, भिस्तबाग, तपोवन रोड, सगळीकडे आधी शेतं होती. मग गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडले. नोकरदार, शिक्षक, एमआयडीसीतले कामगार, सगळ्यांनी पै पै जमवून एकेक घेतला. त्यातल्या बऱ्याच व्यवहारांचा कागद म्हणजे बाँडपेपरवर केलेली नोटरी, कारण तेवढ्या लहान तुकड्याचं खरेदीखतच होत नव्हतं.

1947 चा हा कायदा शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून आला. वाटण्या होत होत जमीन इतकी बारीक व्हायची की बैल वळवायला जागा उरायची नाही. म्हणून किमान क्षेत्र ठरवलं गेलं. त्याला ‘प्रमाणभूत क्षेत्र’ म्हणतात. त्याहून कमी जमिनीची खरेदी-विक्री करायची नाही. हेतू शेतीचा होता, पण शहर शेतात घुसल्यावर अडकले ते घर बांधणारे.

आमचाही असाच एक गुंठा आहे. पप्पांनी 2009 मध्ये घेतलेला. नाव सातबाऱ्यावर नाही. हेडलाइन वाचून पप्पा म्हणाले, “रद्द झाला कायदा. आता नाव लागेल.” मी घोषणेचा मजकूर शोधून वाचला. ती शहरी भागातल्या लहान प्लॉटपुरती होती. पुढे नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला. त्यात जुने व्यवहार शुल्क न घेता नियमित करण्याची सोय होती. पण त्याच्या नावात शब्द होता ‘सुधारणा’. कायदा जागेवरच होता, शेतीसाठी तर पूर्वीइतकाच. मी पप्पांना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “मग पेपरात रद्द का छापलंय?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी आधी शब्दकोशात शिरलो.

‘रद्द’ मूळचा अरबी. अर्थ आहे परत पाठवणं, फिरवणं, नाकारणं. फारसी कारभारातून तो आपल्याकडे आला. घरातली ‘रद्दी’ त्याच कुळातली: नाकारलेला, कामाचा न उरलेला कागद. ‘बातल’ हाही अरबी. अर्थ पोकळ, निरर्थक. म्हणजे ‘रद्दबातल’ म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो, खात्री पटावी म्हणून. गंमत म्हणजे ‘तरतूद’ हा शब्दही याच ‘रद्द’च्या धातूवरून आलेला. मूळ ‘तरद्दुद’, म्हणजे येरझारा घालणं, खटपट करणं. त्यावरून मराठीत व्यवस्था, सोय. ‘कायद्यातली तरतूद रद्द’ हे वाक्य बघा. ‘कायदा’सुद्धा अरबीच. सगळं भांडण एकाच भाषेतल्या पाहुण्यांचं आहे.

पण सरकारी मराठीत, अधिनियमांच्या पानांवर ‘रद्द’ सहसा नसतो. तिथे असतो ‘निरसन’. हा संस्कृत. ‘अस्’ म्हणजे फेकणं, ‘निर्’ म्हणजे बाहेर. निरसन म्हणजे बाहेर फेकणं. याच ‘अस्’ची भावंडं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. अस्त्र म्हणजे फेकायचं हत्यार. न्यास म्हणजे खाली ठेवणं. संन्यास म्हणजे सगळंच खाली ठेवणं. अभ्यास म्हणजे एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा स्वतःला झोकणं. निरसन मात्र आपल्याला एकाच ठिकाणी भेटतं: ‘शंकानिरसन’. शंका फेकून दिली की ती उरत नाही, असं आपण मानतो. कायद्याच्या निरसनाचं मात्र तसं नाही.

युरोपातल्या शब्दांत आणखी वेगळी चित्रं आहेत. रोममध्ये कायदा करायचा म्हणजे लोकांच्या सभेसमोर ठेवून त्यांना विचारायचं. विचारणं म्हणजे ‘रोगारे’. त्यावरूनच कायदा काढून घेण्याला ‘अब्रोगारे’. इंग्रजीतला ‘अॅब्रोगेट’ तिथून आला. ‘रिपील’ हा जुन्या फ्रेंचमधून, अर्थ परत बोलावणं. आपलं ‘कायदा मागे घेणं’ याच्या जवळचं.

या चित्रांमध्ये एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ज्याने पाठवला तोच परत बोलावू शकतो. कृषी कायद्यांच्या वेळी हे सगळ्या देशाने पाहिलं. 19 नोव्हेंबर 2021 च्या सकाळी पंतप्रधानांनी टीव्हीवर तिन्ही कायदे मागे घेत असल्याचं सांगितलं. बातम्यांत त्याच क्षणी ‘रद्द’ झळकलं. पण दिल्लीच्या सीमेवर बसलेले शेतकरी लगेच उठले नाहीत. कायदे संसदेने केले होते, त्यामुळे ते काढायलाही संसदच लागणार होती. 29 नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं. त्याचं हिंदी नाव होतं ‘कृषि विधि निरसन विधेयक, 2021’. भाषणात ‘वापस’, हेडलाइनमध्ये ‘रद्द’ आणि कागदावर ‘निरसन’. सीमेवरचे लोक तिसऱ्या शब्दाची वाट बघत होते. 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला होता, त्यामुळे घोषणा आणि अंमलबजावणी यांतलं अंतर इकडच्या लोकांना काही नवीन नाही.

न्यायालयाचं काम आणखी वेगळं. ते कायदा बाहेर फेकत नाही, तो घटनेत बसत नाही असं ठरवतं. फरक किती पडतो, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ वरून दिसतं. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. आपण सगळे खूश झालो, मी तेव्हा कॉलेजात होतो. आणि 2021 मध्ये त्याच न्यायालयासमोर आलं की देशभर पोलीस अजूनही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवत आहेत. न्यायाधीशांनाही धक्का बसला. सरकारी वकिलांनी सांगितलेलं कारण साधं होतं: कलम छापील पुस्तकात तसंच आहे, ते रद्द झाल्याचं खाली तळटिपेत लिहिलंय. ठाण्यातला माणूस कलम बघतो, तळटीप वाचत नाही.

माझ्या कामातली भाषा वापरायची तर, कोड मेला होता पण सर्व्हरवर जुनंच व्हर्जन चालू होतं.

संसदेने रीतसर निरसन केलं तरी सगळं पुसलं जात नाही, आणि ते मुद्दाम. जुन्या कायद्यांच्या जागी नवे येतात तेव्हा शेवटी एक कलम असतं: ‘निरसन व व्यावृत्ती’. व्यावृत्ती म्हणजे राखून ठेवलेल्या गोष्टी. 1 जुलै 2024 ला 1860 ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 358 मध्ये हेच लिहिलंय. जुन्या संहितेखाली जे घडलं, जी शिक्षा झाली, जे खटले चालू आहेत, त्याला धक्का नाही. 30 जूनला झालेल्या फसवणुकीचा खटला आजही जुन्याच 420 खाली चालेल, 1 जुलैनंतरचा 318 खाली. 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमातलं कलम 6 हाच नियम सगळ्या केंद्रीय कायद्यांना लावतं. आम्ही प्रोग्रामर ज्याला ‘रिव्हर्ट’ म्हणतो ते हेच आहे. जुना बदल इतिहासातून उडवायचा नाही. त्याच्यापुढे उलटा बदल लिहायचा. आधी काय होतं ते कायम दिसत राहतं.

आणि भाषेला तर 358 लागूच नाही. ‘श्री 420’ येऊन सत्तर वर्षं झाली. कलम गेलं, पण कुणाला ‘तीनशेअठरा’ म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही. चारसोबीस अजून चारसोबीसच आहे.

इथपर्यंत हे सगळं मजेचं वाटतं. पण एक कायदा असा आहे की त्याच्याबाबत भाषेने काय राखून ठेवलं, हे हसण्यासारखं नाही.

1871 मध्ये इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ कायदा केला. तो पुढे वाढवत नेला, 1911 मध्ये देशभर लागू केला. काही जमातींत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. नावं नोंदवायची, बोटांचे ठसे द्यायचे, रोज हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. अनेकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. सोलापुरातल्या त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला या कायद्याचं निरसन झालं. त्या जमातींना नवं नाव मिळालं: विमुक्त. 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

‘विमुक्त’ या शब्दाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये माझ्या रूममेटच्या दाखल्यावर तो होता. एका रात्री त्याने सांगितलं, “यार, बाकीच्यांच्या दाखल्यावर ते कोण आहेत ते लिहिलंय. माझ्या दाखल्यावर मी कशातून सुटलो ते लिहिलंय.” त्याच्या गावाजवळ चोरी झाली की त्याच्या वडिलांना ठाण्यात बोलावणं यायचं, तो बारावीत असेपर्यंत. कायदा जाऊन तेव्हा साठ वर्षं झाली होती. त्याच्या वडिलांचा जन्मही कायदा गेल्यानंतरचा.

हे फक्त लोकांच्या मनात उरलं होतं असं नाही, कागदातही उरलं. निरसनानंतर राज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ कायदे केले, मुंबई राज्याने 1959 मध्ये. तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींबद्दलचे उल्लेख तसेच चालत आले. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातल्या अशा जातीय तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. 1952 पासून 2024. बाहेर फेकलेली गोष्ट बहात्तर वर्षं घरातच होती.

मनातल्या कायद्याचं काय होतं, ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर आधीच पोहोचले होते. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. ही भटकी जमात. त्यांना कुणी विचारलं नाही, ते कोण आहेत.

म्हणून पप्पांच्या प्रश्नाला आता माझं उत्तर असं आहे: पेपरात ‘रद्द’ छापतात कारण आपल्याला तो ऐकायचा असतो. लहान आहे, कडक आहे, त्यात सुटका आहे. पण तो वाचल्यावर तीन गोष्टी विचाराव्या लागतात. कुणी केलं? किती केलं? आणि मागे काय उरलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं राजपत्रात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर आजूबाजूला बघावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. भिस्तबागेच्या बाजूला एक पाल पडलंय, अमुक जमातीचे लोक आहेत, “ही जातच चोरांची”, दारं नीट लावा. मी लिहिलं की जातीवरून कुणाला चोर ठरवणारा कायदा 1952 मध्येच गेला. कुणी अंगठा दाखवला, कुणी काहीच नाही. तासाभराने पाठवणाऱ्या काकांनी मेसेज काढून टाकला. वाद नको म्हणून असेल.

त्या जागी आता फक्त ‘हा मेसेज हटवला आहे’ एवढंच दिसतं. पण तोपर्यंत ग्रुपमधल्या जवळपास सगळ्यांनी तो वाचला होता. त्या रात्री आमच्या गल्लीतली गेटं नेहमीपेक्षा लवकर बंद झाली. दोन दिवसांनी ते पाल तिथून हललेलं दिसलं.