आपण, आम्ही आणि नावु

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला मुलं मोठी होताना दिसत नाहीत. दरवर्षी समोर येऊन बसणारा वर्ग अठरा वर्षांचाच असतो. मागच्या वर्षीचे पुढे सरकले, यंदाचे आले. वीस वर्षं झाली, वर्गाचं वय आहे तेवढंच आहे, वाढतं ते माझं. घरी मात्र सगळं उलटं. आत्ता परवापर्यंत शाळेच्या रिक्षात चढताना दप्तरासकट मागे कलंडणारी आमची पोरगी २०२५ मध्ये पी.यू.सी. पास झाली आणि पुण्याला शिकायला गेली.

‘मुलं कधी मोठी होतात कळतच नाही,’ असं आपण सगळेच म्हणतो. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक तर हे वाक्य अक्षतांबरोबरच घेऊन आलेले असतात. पण कळतं हो. चपलेचा नंबर वाढतो, आरशासमोरचा वेळ वाढतो, न्हाणीघराची कडी आतून लागायला लागते. मला ते एका सर्वनामावरून कळलं. मास्तरकी अंगात मुरली की असं होतं, वाचकांनी समजून घ्यावं.

आमचं घर गोकुळ रोडला, विमानतळाच्या अलीकडे. घरात मराठी, गेटबाहेर कन्नड आणि शाळेत इंग्लिश. हुबळी-धारवाडात याचं कुणाला नवल नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड. आणि त्या कन्नड कवितेला १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार. इकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्लिश शिकवायचे आणि कथा मराठीत लिहायचे. त्या मानाने आमच्या घरातली तीन भाषांची कसरत अगदीच साधी. सासूबाई मूळच्या निपाणीकडच्या. पन्नास वर्षं हुबळीत काढल्यामुळे भाजीवालीशी घासाघीस कन्नडमध्ये आणि देवाशी मराठीत. मुलं त्यांना ‘आज्जी’ म्हणतात आणि शेजारच्या लिंगायत आजींना ‘अज्जी’. एका मात्रेचा फरक, पण हाक मारली की बरोबर त्याच घरातून ‘ओ’ येते.

मुलीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत गावाचं नाव हुबळी आहे, धाकट्याच्या दाखल्यावर हुब्बळ्ळी. मधल्या काळात, १ नोव्हेंबर २०१४ ला, सरकारी नाव बदललं. मुलगा डिसेंबरातला. दोघांची भाषाही तशीच थोडी वेगळी झाली. मुलीला खेळायला आज्जी होती. धाकट्याला गल्ली मिळाली. त्यामुळे त्याची मराठी कन्नडच्या अंगाने चालते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी; चप्पल स्त्री आणि बूट पुरुष हा आपल्याकडचा प्रकार त्याला अजून पटलेला नाही. ‘बस आला’, ‘माझा चप्पल हरवला’ असं तो बिनदिक्कत बोलतो आणि आज्जी देवघरातून दुरुस्त्या पाठवत असते.

आता त्या सर्वनामाचं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. ऐकणारा त्यात धरला तर आपण, वगळला तर आम्ही. ‘आपण जेवूया’ म्हटलं तर तुमचंही पान वाढलेलं असतं. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं तर तुम्ही बाहेर बसा. मराठी मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही. कन्नडमध्ये दोन्हींना मिळून एकच ‘नावु’. हिंदीत ‘हम’, इंग्लिशमध्ये ‘वी’, तिथंही एकावरच भागतं. तमिळ आणि तेलुगूत मात्र आपल्यासारखीच दोन रूपं आहेत. मराठीला हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून मिळाला असं बरेच अभ्यासक मानतात. गंमत अशी, की आपला सख्खा शेजारी कन्नड, आणि त्याच्याच घरात आज ते भांडं नाही.

लहानपणी आमच्या मुलीकडे एकच शब्द होता, आपण. ‘आपण पडलो’ म्हणायची, पडलेली ती एकटीच. २०१७ च्या डिसेंबरात इथल्या विमानतळाची नवी इमारत झाली, मग विमानांची ये-जा वाढली. ती तेव्हा दहा वर्षांची. आवाज आला की पोळपाटावरची पोळी तशीच टाकायला लावून ती मला गच्चीत ओढून न्यायची, ‘आई, चल ना, आपण बघू!’ विमान दिसायचं अर्धा मिनिट, मागे तव्यावरच्या पोळीचा कोळसा. नागपंचमीला शेजारच्या अंगणात झोका बांधला की ‘आपण बसू’, गिरमिट्टच्या गाड्यासमोर ‘आपण खाऊ’. ह्यांना तर ती दाढी करतानासुद्धा विचारायची, ‘आपली दाढी झाली का?’

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला. या योजनेवर बाजूने आणि विरोधात पुष्कळ छापून आलं आहे, त्यात मला पडायचं नाही. आमच्या घरापुरतं सांगते. तोपर्यंत कुठं जायचं तर ह्यांची स्कूटर, नाहीतर माझ्याकडून रिक्षाचे पैसे. म्हणजे कुठं, कशाला, कुणाबरोबर ही प्रश्नपत्रिका आधी सोडवायची. आता ओळखपत्र दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देणार. सोळा वर्षांच्या मुलीला आणखी काय पाहिजे? एका रविवारी दुपारी ती केस विंचरत विंचरत म्हणाली,

‘‘आई, आम्ही उणकलला जातोय. तळ्यावर.’’

‘‘आम्ही म्हणजे कोण गं?’’

‘‘आम्ही म्हणजे आम्ही.’’

तीन-चार मैत्रिणी होत्या, त्यांच्या आयाही मला माहीत होत्या. संध्याकाळी सहाच्या आत परतही आली, येताना आज्जीला मिरची भजी घेऊन. तक्रार करावी असं त्यात काहीही नव्हतं. तरी मी त्या रात्री भांडी लावताना तो शब्द मनात घोळवत होते. सोळा वर्षांत पहिल्यांदा ‘आम्ही’त मी नव्हते. ती शून्य रुपयांची तिकिटं ती पुढे कितीतरी दिवस फिजिक्सच्या पुस्तकात खुणेला घालायची.

हे मी शेजारच्या अज्जींना सांगितलं. म्हटलं, तुमच्या कन्नडमध्ये बरं आहे, एकच ‘नावु’, आपल्याला धरलंय की सोडलंय ते आईला कळतच नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘मत्त होगोण अंद्र एन्री?’’ मग होगोण म्हणजे काय हो? मी गप्पच झाले. खरंच की. ‘नावु होंटेवि’ म्हणजे आम्ही निघालो, त्यात ऐकणारा मागे राहू शकतो. पण ‘होगोण’ म्हणजे चला, जाऊया. त्यातून ऐकणाऱ्याला वगळताच येत नाही. सर्वनामात नसलेलं कन्नडने क्रियापदात ठेवलंय. मग त्याच, शेंगा सोलता सोलता, म्हणाल्या, की त्यांची दोन्ही मुलं बेंगळुरात, दर रविवारी फोन नेमाने येतो, औषध घेतलं का विचारतात, पण ‘होगोण’ म्हणून कुणी हात धरला त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढं बोलून त्यांनी सोललेल्या शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. चटणीला घेऊन जा म्हणाल्या.

पुण्याला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त खूश सासूबाई. नात मराठी मुलखात चालली म्हणून. २०२४ च्या सप्टेंबरपासून हुबळीहून पुण्याला वंदे भारत आहे, त्याचं तिकीट काढलं. जगातला सर्वांत लांब म्हणून गाजलेला, दीड किलोमीटरचा फलाट आपल्याच हुबळीत. मुलीची बॅग उचलून चालताना मात्र तो आखूडच वाटला.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या मुलींनी तिला विचारलं, ‘तू कोल्हापूरची का?’ तिच्या बोलण्यातली ‘होय की’ आणि ‘काय करायलीस’ त्यांनी टिपली होती. हुबळी म्हटल्यावर पुढचा प्रश्न, ‘मग तुला मराठी कसं येतं?’ हे ऐकून सासूबाईंचा जो पारा चढला तो सांगायला नको. तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. इथं आपण मराठी, तिथं आपण कानडी. मुलीने मात्र हसून सोडून दिलं आणि महिन्याभरात खोलीतल्या दोघींना ‘ऊट आतेन्री?’ शिकवलं. आता त्या तिघी जेवायच्या आधी एकमेकींना तसंच विचारतात म्हणे.

सुरुवातीला फोनवर ती विचारायची, ‘आपल्याकडे पाऊस आहे का?’ श्रावणातही ‘आपल्याकडे’. गणपतीतही. दसऱ्याच्या आसपास एकदा म्हणाली, ‘‘तुमच्याकडे अजून पडतोय का गं? आमच्याकडे नुसतं ऊन.’’

मी म्हटलं, पडतोय थोडा. फोन स्पीकरवर होता. सासूबाई वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, ‘‘लग्नाआधीच तुमच्याकडे झालं बघ हिचं.’’

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे मुलीचं ‘आमच्याकडे’ बदलायचं ते लग्नानंतर. मी बेळगावहून २००४ मध्ये या घरात आले. लग्नानंतर दोनेक महिन्यांत आईला फोनवर सांगितल्याचं मला चांगलं आठवतं, की आमच्याकडे आठ दिवसांतून एकदा पाणी येतं, तुमच्याकडे बरं आहे. ‘आमच्याकडे’ म्हणजे हुबळी. ज्या घरात मी तेवीस वर्षं वाढले ते एका वाक्यात ‘तुमच्याकडे’ झालं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आई एवढंच म्हणाली, ‘‘हो का? मग साठवून ठेवत जा.’’ पुढच्या खेपेला बाबा आले ते झाकणाचे दोन मोठे पिंप घेऊन, बेळगावहून हुबळीपर्यंत बसच्या टपावर टाकून. त्यातलं एक अजून आमच्या मोरीत आहे.

दिवाळीत मुलगी आठ दिवस आली. पहिला दिवस पाहुणीसारखा गेला. ‘तुमचा चहा झाला का’, ‘तुमच्या वायफायचा पासवर्ड काय’. दुसऱ्या दिवशी चकल्यांना बसलो, तेल तापलं आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, ‘‘आई, आपला झारा कुठं ठेवलायस?’’ सासूबाईंनी देवघरातून मान वर करून माझ्याकडे बघितलं. झारा नेहमीच्या जागीच होता.

आता घरात धाकटा आहे. अकरा वर्षांचा. त्याच्या डोक्यात अजून ‘नावु’च चालतं आणि मराठीत उतरताना दर वेळी त्याचं ‘आपण’ होतं. ‘आज आपण सातव्या बेंचवर बसलो’, ‘आपण गणितात चाळीसपैकी अठ्ठावीस मिळवले’. शाळेतल्या दोस्तांबरोबर काय केलं ते सांगतानाही आपणच. ‘बस आला’ मी लगेच दुरुस्त करते. आज्जी चप्पल दुरुस्त करते. ‘आपण’ला दोघींपैकी कुणी हात लावत नाही.

परवा तो ग्राउंडवरून घामाघूम होऊन आला, बॅट दारातच टाकली आणि म्हणाला, ‘‘आज्जी, रविवारी आपण धारवाडला मॅच खेळायला जाणार!’’

सासूबाईंनी चष्मा काढला. ‘‘मला कितव्या नंबरला पाठवणार?’’

त्याने जरा विचार केला. ‘‘तुला पळायला येत नाही की. तू अंपायर हो.’’