देवाला सोडलेला

मंगळवारी आमच्या दारात एक जोगता यायचा. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग. गल्लीतल्या बायका त्याला जोंधळे घालून पाया पडायच्या आणि तो वळणावर गेला की तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही कॅथलिक. मम्मी पाया पडायची नाही, पण त्याला पायरीवर बसवून चहा द्यायची. मी तेरा वर्षांचा असताना तिला विचारलं, "हा असा का?" ती म्हणाली, "त्याला देवाला सोडलंय."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. वर्गातली पोरं मुलींबद्दल जे बोलायची, ते मला एका मुलाबद्दल वाटायला लागलं होतं. त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. शाळेत 'बायल्या' ही हाक मात्र रोज कानावर यायची.

आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून आजऱ्याकडे आले. पप्पा कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर कामाला होते. रोज रात्री जेवणाआधी घरात कोकणीतून तेर्स, म्हणजे रोजरीचा जप, व्हायचा. पाच दशकं, पन्नास नमान मारिये. प्रत्येक दशकाला माझी एकच मागणी असायची, की उद्या सकाळी हे गेलेलं असू दे. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेलो, तेव्हा एका फादरांनीही हेच सांगितलं होतं: प्रार्थना कर, जाईल.

ते गेलं नाही. मग मी फादर व्हायचं ठरवलं. दहावीच्या सुट्टीत व्होकेशन कॅम्पला जाऊन आलो. घरात आनंद झाला, आजीने तर गावभर सांगितलं. देवाची ओढ मला होती, ते खोटं नव्हतं. पण त्याहून मोठी ओढ दुसरीच होती. फादरला कुणी विचारत नाही, लग्न कधी करतोस म्हणून.

मी बारावीत होतो. नोव्हेंबर २००५ मध्ये व्हॅटिकनची सूचना आली, की समलिंगी कल खोलवर असलेल्या पुरुषांना सेमिनरीत घेऊ नये. वर्तमानपत्रातली ती बातमी मी संडासात बसून चार वेळा वाचली. लपायला जी एकच जागा सापडली होती, तिच्या दारावर कुणी माझं नाव लिहून ठेवल्यासारखं झालं. सेमिनरीला नाही म्हणालो, कारण सांगितलं नाही. इंजिनीअरिंगला पुण्याला गेलो आणि मिस्सा सुटली. जोगत्याला देवाला सोडलं होतं. मी देवच सोडला.

दहा वर्षं अशी गेली. एका मुलावर जीव जडला. त्याच्याबरोबर असताना आपण वाईट आहोत असं कधी वाटलं नाही. पण रविवारी सकाळी कुठली तरी घंटा वाजली, की पोटात कालवायचं.

२०१६ च्या पावसाळ्यात आजी अंथरुणाला खिळली. ती माझी बाप्तिस्म्याची मदीन, म्हणजे धर्ममाताही होती. आजऱ्याला तिच्या उशाशी बसलो होतो. ती म्हणाली, "डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा तू रडला नाहीस. माझ्याकडे बघत होतास." मग माझा हात धरून तेर्स सुरू कर म्हणाली. शब्द आठवतील का, ही भीती होती. सगळे आठवले. पहिल्यांदाच मी काही मागितलं नाही.

परतताना बाहेरचा पाऊस बघत होतो आणि लहानपणी धर्मशिक्षणात घोकलेलं आठवलं: बाप्तिस्म्याचा ठसा कोणत्याही पापाने पुसला जात नाही. ज्या बाळाच्या डोक्यावर ते पाणी पडलं, तो हाच मी होतो. तू पुढे कोण होणार, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे मी देवाचा होतोच. त्यासाठी मला माझं प्रेम, माझं शरीर, माझं घर सोडून द्यायची अट नव्हती. जोगत्याला आणि मला धर्माने एकच सौदा सांगितला होता: तुला जागा देतो, पण तू कुणाचा होऊ नकोस. माझी श्रद्धा तो सौदा नाकारण्यातून सुरू झाली.

चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात समलिंगी संबंध चुकीचे म्हटले आहेत. तिथेच अशा माणसांना आदराने, करुणेने स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नये, असंही आहे. पहिलं वाक्य मला पटत नाही. दुसऱ्याच्या आधाराने मी मिस्सेला बसतो.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमाच्या कक्षेतून वगळलं, तेव्हा मी कोल्हापुरात होतो. दोन दिवसांवर मारियेच्या जन्माचा सण, घरात नोव्हेना चालू. तेर्स झाल्यावर मम्मीला सांगितलं. ती बराच वेळ रोजरीचे मणी चाळवत राहिली.

"मला कळलं होतं रे," ती म्हणाली. "म्हणून तर फादर हो म्हणत होते. तिथं तरी तुला कुणी हसणार नाही असं वाटलं."

ती रडली, मीही रडलो. तिनेही मला देवाला सोडायला काढलं होतं, मायेपोटी. पायरीवरच्या त्या चहाचा अर्थ मला तेव्हा कळला.

सगळं एका रात्रीत सोपं झालं नाही. पप्पा वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले. फेब्रुवारी २०२० मध्ये गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स गेले. आपल्या पुरुष जोडीदाराबरोबर ते उघडपणे राहायचे. बातमी वाचून पप्पांनी एवढंच विचारलं, "चर्चमध्ये नेलं ना त्यांना?" हो म्हणालो. कोलवाळला, त्यांच्याच गावच्या चर्चमध्ये. पप्पांनी मान हलवली आणि पेपर घडी करून ठेवला.

आमच्याकडे तेर्साच्या शेवटी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन एकेक नमान मारिये म्हणतात. गेल्या नाताळात आजीचं नाव झालं, पप्पांचं झालं, माझं झालं. मग मम्मी क्षणभर थांबली आणि तिने माझ्या जोडीदाराचं नाव घेतलं. उरलेली प्रार्थना पप्पांनी म्हटली.