पाणचक्कीवरची संध्याकाळ

मे महिन्यात आमच्या औरंगाबादेत पाहुणे येणार म्हटले की आनंद होतो आणि धास्तीही वाटते. नळाला पाणी आठवड्याने येते. यंदा चिपळूणचे जुने दोस्त बायकामुलांसह आले, तेव्हा ड्रम अर्ध्यावर होता. भाभींच्या ते लक्षात आले असावे; तिन्ही मुलांच्या आंघोळी त्यांनी एका बादलीत उरकल्या. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अस्रनंतर, ऊन उतरल्यावर सगळे पाणचक्कीला गेलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही पाण्यावर फिरणारी चक्की. हर्सूलकडून काही किलोमीटर जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी इथवर आणले आणि उंच भिंतीवरून हौदात सोडले. पंप नाही, वीज नाही, सारी करामत उताराची. त्याच पाण्यावर खानकाहतल्या फकिरांचे, यात्रेकरूंचे दळण होई. धार बारीक होती, तरी मुले कठड्यापासून हलेनात.

"अंकल, इथे पाणी आहे, मग तुमच्या घरी का नाही?" धाकटीने विचारले. दोस्ताने तिला डोळ्यांनी दटावले. पण प्रश्न खरा होता. आम्ही तिला वडाच्या झाडाकडे नेले.

मगरिब पढून, नान-खलिया खाऊन घरी परतलो. रात्री दोनला नळ आला. आम्ही डोळे चोळत अंगणात गेलो, तर दोस्त लुंगी खोचून, पाइप ड्रममध्ये धरून आधीच उभे होते.